मागच्या अंगाची हिरवी तार

कारंजा (घाडगे)
११ ऑगस्ट २०२४

चि. वर्षालीस,
आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुनं हे फाडून टाकलं नसंन, असं धरून लिहून राह्यलो. फोन लावायची सोय तुनं ठेवली नाई. तुह्या आत्याच्या फोनवरून एकदा लावलता. माहा आवाज आला अन् तुनं कापला. त्याचा राग नाई.

माहं सांगतो. जूनमधी हायवेवरच्या एका ढाब्यावर लाइटीचं फिटिंग करता करता शिडी सरकली, खुब्याचं हाड मोडलं. नागपूरले रॉड टाकला. डॉक्टरनं सांगतलं, तीन महिने पाय जमिनीले लावायचा नाई. तुही आत्या जिजाबाई येऊन राह्यली. तिले ऐकू येत नाई अन् मले उठता येत नाई, असा आमचा संसार चालू हाये. तुले कळवू नको असं मीच तिले सांगतलं होतं.

आता मुद्द्याचं. परवा तळेगावचे सदाशिवराव मले पाह्यले आलते, तुह्या सासऱ्याचे मावसभाऊ. आर्वीले तुमच्याकडं जेवूनच आलते. बोलता बोलता म्हणाले, "तुमची वर्षाली रबरी चप्पल घातल्याबिगर कपड्याच्या मशीनले हात लावत नाई. मशीन चालू झाली का झिणझिण्या येते म्हणते." हसून सांगतलं त्यांनी. मले हसू आलं नाई.

एक काम करजो. घरात टेस्टर असंन, पेचकसासारखा, दांड्यात बारीक दिवा असलेला. नसंन तं आणजो. आधी एखाद्या चालू सॉकेटमधी लावून पाहजो. सॉकेटले तीन भोकं असते. वरचं मोठं, खाली दोन बारीक. खालच्या उजव्या भोकात टेस्टर घालून दांड्याच्या टोकाच्या पितळेले बोट लावलं का दिवा लागते. तो फेज. करंट घरात येते ती तार. आम्ही लोक लाल तार वापरतो त्याले. डाव्या भोकात दिवा लागायला नाई पाहिजे. तो न्यूट्रल, काळी तार.

हे समजलं का मंग मशीन चालू करून तिच्या पत्र्याले टेस्टर लावजो. पायात चप्पल, हात कोरडे, अन् लेकरू, आचल, जवळ नको. दिवा लागते का नाई, तेवढंच मले कळव. अन् तपासून झालं का मशीनचा पिन काढून ठेव. कपडे काही दिवस हातानं धू.

भिण्यासारखं काही नाई. पावसाळ्यात ओल येते भिंतीले.

तुहा,
बाबा


कारंजा (घाडगे)
१९ ऑगस्ट २०२४

चि. वर्षालीस,
आशीर्वाद.

आठ दिवस झाले. पोस्टमन येते अन् समोरच्या घरी वळते.

आज राखी. जिजाबाईनं खाटेवरच बांधली. मले बसवायले शेजारच्या दोघाइले बलावलं तिनं. त्यातल्या एकानं इचारलं, "काका, पोरगी नाई येत का?" मी म्हटलं, तिचं घर मोठं हाये, लेकरू लहान हाये. दोन वर्षांपासून हेच सांगतो मी लोकाइले.

या खोलीत खिडकी हाये, पण ती शेजारच्या भिंतीत उघडते. हात लांब केला तं भिंतीले लागते. दिवसभर समोर माह्याच हातचा बोर्ड दिसते. सहा बटनं, एक सॉकेट. जिजाबाई पंखा बंद करून जाते, मी हाक मारतो, तिले ऐकू येत नाई. चाळीस वर्षं लोकाच्या घरात उजेड केला अन् माह्या स्वतःच्या पंख्याचं बटन माह्यापासून सहा हात दूर हाये.

खरं सांगतो, मी शुक्रवारी जावयाले, आदेशले फोन लावलता. तुले सांगतलं का नाई त्यानं, मले माहीत नाई. मी इचारलं, "मशीनले झिणझिण्या येते म्हणते, खरं हाये का?"

"येते थोड्या थोड्या. वर्षाली घाबरते. तुमच्या हातचं काम हाये बाबा, त्याले काय होते? मशीनच खराब असंन. मेकॅनिकले दाखवतो."

"तरी एखाद्या वायरमनले..."

"दुसऱ्या वायरमनले बलावलं तं आमचे बाबा मलेच रागावतीन."

मंग मी पायाचं बोललो, कपाशीचं बोललो, अन् फोन ठेवला. जे बोलायचं ते राह्यलंच.

तुमच्या वास्तुपूजेचा दिवस तुले आठवत असंन. तुह्या सासऱ्यानं, मधुकररावनं सगळ्या पाहुण्याइसमोर मले उभं केलं, शाल देल्ली, नारळ देल्लं. म्हणाले, "व्याह्यानं माहं घर स्वतःच्या हातानं उजळवून देल्लं." लोकाइनं टाळ्या वाजवल्या. ती शाल मी अजून अंगावर घेतली नाई.

आणखी एक पाहायचं हाये. मशीन चालू झाली का बाथरूमचा दिवा मंद होते का? होत असंन तं न्यूट्रल ढिला हाये. फेजमधून करंट येते, काम करते अन् न्यूट्रलमधून परत जाते. जायचा रस्ता जळाला, ढिला झाला, तं करंट अडकते. अडकलेला करंट गप बसत नाई. दुसरी वाट शोधते, मंग तो मशीनचा पत्रा असो का माणसाचा हात.

मशीनचा पिन काढला का? एवढं तरी कळव. माह्याशी बोलू नको, निसतं "काढला" लिही.

बाबा


कारंजा (घाडगे)
२८ ऑगस्ट २०२४

चि. वर्षालीस,
आशीर्वाद.

तुही चिठ्ठी मिळाली. ना वर नमस्कार, ना खाली नाव. "टेस्टर लागतो. मशीन चालू असली की जास्त. बाथरूमचा दिवा मंद होतो. पिन काढला आहे. कारण काय?" पाच वाक्यं. जिजाबाईले दाखवली. तिनं अक्षर पाह्यलं अन् डोळ्याले पदर लावला. तिले वाटलं तुनं खुशाली कळवली.

कारण सांगतो. न्यूट्रलचा जॉइंट कुठंतरी ढिला झाला हाये. स्वयंपाकघर अन् बाथरूम मिळून मागचं अंग एकाच लाईनीवर हाये. तो जॉइंट स्वयंपाकघरातल्या मोठ्या बोर्डात असंन.

तू म्हणशीन, जॉइंट ढिला झाला तं मशीनच्या पत्र्यात करंट काऊन आला? ते होऊ नये म्हणूनच तिसरी तार असते. हिरवी. तिले अर्थिंग म्हणतात. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात ती येते, मशीनच्या पत्र्याले जोडलेली असते, अन् दुसरं टोक अंगणातल्या खड्ड्यात. तुमच्या अंगणात तुळशीच्या मागं सिमेंटचं झाकण हाये ना, तोच तो. खाली पट्टी पुरली हाये, मीठ अन् कोळसा टाकून. करंट चुकून पत्र्यावर आला तं तो या हिरव्या तारेनं सरळ मातीत जाते, माणसाकडं येत नाई. ती तार रोज काही काम करत नाई. वर्षानुवर्षं निसती पडून राह्यते. एकच दिवस कामाले येते.

अन् एमसीबीवर भरवसा ठेवू नको. हॉलच्या पाटीवर जे खटके हायेत ते. लोड जास्त झाला, तारेले तार चिकटून शॉर्ट झाला, तं ते पडतात. पण असा बारीक करंट अंगातून गेला तं ते पडत नाई. म्हणून सगळ्याइले वाटते, खटका तं वर हाये, म्हणजे घर बरोबर हाये.

तुमच्याकडं मागच्या अंगाले बहुतेक उंदरानं हिरवी तार खाल्ली असंन. पावसाळ्यात उंदीर आत शिरतात. तू असं कर, आदेश दुकानात अन् मधुकरराव बाहेर असताना एखादा वायरमन बोलाव. नवीन हिरवी तार ओढून घे. मधुकररावले सांगायची गरज नाई. उगाच म्हातारपणी त्यायच्या जिवाले घोर. तुलेही दोन शब्द ऐकावे लागतीन.

जमलं तं आचलचा एक फोटो पाकिटात टाक. जिजाबाईले पाह्यचा हाये.

बाबा


कारंजा (घाडगे)
४ सप्टेंबर २०२४

वर्षाली,

तुहं पत्र आज दहा वाजता आलं. तुनं लिहिलं, "सिमेंटच्या भिंतीतल्या पाइपात उंदीर शिरत नाही, एवढं मलाही कळतं. आईच्या वेळीही तुम्ही साधा ताप म्हणाला होता. पिन काढूनही नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. काल आचल ओल्या अंगानं गिझरखालच्या नळाकडे धावली. सासूबाईंनी तिला दंडाला धरून ओढलं. आता खरं सांगा, नाहीतर पत्र पाठवू नका."

वाचून मी पोस्टाची वाट पाह्यली नाई. आदेशले फोन लावला.

"आदेश, हॉलच्या पाटीवरचा तिसरा खटका खाली पाड."

"मी दुकानात हाये, बाबा. गिऱ्हाईक हाये समोर. काय झालं?"

"गिऱ्हाईक राहू दे. घरी जा अन् पाड. मंग मले फोन कर."

जिजाबाई चहा घेऊन आली. मी हातानंच नको म्हटलं. फोन छातीवर ठेवून पडून राह्यलो. चहावर साय आली तेव्हा फोन वाजला.

"पाडला. मागचं सगळं बंद झालं. आता सांगा."

मी त्याले सांगतलं. तेच आता तुले सांगतो. आदेश घरी येऊन काय बोलला मले माहीत नाई, पण तुले माह्या हातचं पाहिजे.

मागच्या अंगाले हिरवी तार नाईच. कोणत्या उंदरानं खाल्ली नाई. मी टाकलीच नाई.

तुमच्या घराचं काम जोरात होतं. पुढच्या खोल्याइत मी तीन-तीन तारा ओढल्या. मागच्या पाइपात लाल अन् काळी ओढली अन् हिरवी विसरलो. माह्या हातून विसर पडला, एवढंच. प्लास्टर झालं. मधुकररावनं हौसेनं फरश्या बसवल्या, छतापर्यंत. वास्तुपूजेच्या आदल्या दिवशी मी सॉकेट बसवायले घेतले, तं वरच्या भोकाले लावायले तारच नाई. तार ओढू पाह्यली, पण पाइपाच्या वळणात सिमेंट उतरलं होतं, तीन हातावर अडकली. फरश्या फोडाव्या लागल्या असत्या. मधुकरराव बाजूलेच उभे होते, कोणाले तरी म्हणत होते, "आमच्या व्याह्याचं काम म्हणजे तपासून पाह्यचं काम नाई."

मी बोटभर तार कापली. सॉकेटच्या आत न्यूट्रल अन् अर्थिंगचं भोक एकमेकाले जोडून देल्लं. वरून सगळं बरोबर दिसते. तपासणाऱ्याचाही दिवा बरोबर लागते. जोवर न्यूट्रल धड हाये तोवर कोणाले काही होत नाई. न्यूट्रल ढिला झाला का फ्रिज, मशीन, गिझर, सगळ्याच्या पत्र्यात करंट येते. गिझरचा पाइप लोखंडाचा, म्हणून नळालेही. मी ज्या पोराइले काम शिकवलं, त्याइले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, हे कधी करू नका. एकानं केलं तं मी त्याले कामावरून काढला होता.

म्हटलं, चार महिन्यानं येऊन दुरुस्त करू. मंग दरवेळी आलो, चहा प्यालो, पाहुणचार घेतला, परत गेलो. पाच वर्षं.

 आदेश म्हणाला, "मागच्या महिन्यात फोन केलता तुम्ही. तवा काऊन नाई सांगतलं?"

"हिंमत झाली नाई."

"माही पोरगी त्या नळाखाली आंघोळ करते, बाबा."

मी हो म्हटलं.  त्यानं फोन ठेवला.

वर्षाली, आता दुसरं. हे कोणी इचारलं नाई. तुले माहीतही नाई. पण एक सांगून दुसरं पोटात ठेवलं तं मी परत तिथंच राह्यन.

तुही आई वर्ध्याच्या दवाखान्यात अठरा दिवस होती. तुले आठवा महिना लागला होता, डॉक्टरनं तुले हलू नको सांगतलं होतं. मी रोज फोनवर सांगत होतो, साधा ताप हाये. ती गेल्यावर, सगळं उरकल्यावर तुले कळवलं. तू ओरडली, "मले काऊन नाई सांगतलं?" मी म्हटलं, तुह्या आईनंच शपथ घातली होती, वर्षालीले सांगू नका म्हणून.

तिनं अशी शपथ घातली नाई.

अकराव्या दिवशी सकाळी तिची शुद्ध चांगली होती. मी तिचं तोंड पुसत होतो. तिनं माहा हात धरला. म्हणाली, "वर्षालीले बलावा. मले तिच्याशी बोलायचं हाये."

मी म्हटलं, "तिले गाडीत बसायले मनाई हाये. तू बरी हो, आपणच जाऊ."

"मंग फोन तरी लावून द्या."

माह्या खिशात फोन होता. मी म्हटलं, "चार्जिंग नाई."

तिनं माह्याकडं पाह्यलं. रुख्माले माहं खोटं नेहमीच समजत होतं.  भिंतीकडं तोंड करून झोपली.

तुह्या पोटातल्या लेकराची काळजी होती, हे खरं हाये. पण तेवढंच नाई. मले वाटलं, तुमचं बोलणं झालं, तू रडली, तिनं निरोप घेतला, तं मंग ती जाणारच. फोन नाई लावला तं अजून वेळ हाये असं होईन. मी भेलो, वर्षाली. तिच्यासाठी नाई, तुह्यासाठी नाई. माह्यासाठी.

मंग तू माह्यावर आरडली तेव्हा मी तिचं नाव पुढं केलं. ती काही सांगायले येणार नव्हती.

याच्यापुढं तुनं काही लिहू नये, असं ठरवलं तं मी समजून घेईन. निसतं मागच्या अंगाचं काम पुरं होईपर्यंत तो तिसरा खटका वर करू देऊ नको कोणाले. वायरमनले सांगजो, मागच्या प्रत्येक सॉकेटमधली बोटभर तार काढ. चार सॉकेट हायेत. एक फ्रिजच्या मागं हाये, तो दिसत नाई.

रूपराव


आर्वी
१० सप्टेंबर २०२४

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहायला हात गेला होता. थांबले.

आधी घराचं. त्या दिवशी आदेश घरी आला, खटका पाडला आणि तुमच्याशी फोनवर बोलून झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये बसवून जसंच्या तसं सांगितलं. मला एकटीला बाजूला घेऊन नाही. मामंजी खुर्चीत बसून राहिले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की ताटाकडे बघूनच जेवायचे.

तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले हरिदास वायरमन आले. स्वयंपाकघरातला मोठा बोर्ड उघडला तर काळ्या तारेचा जॉइंट जळून कोळसा झाला होता, वरची टेप वितळून गेली होती. त्यांनी सॉकेटमधून ती बोटभर तार काढून मामंजींच्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "काका, हा जॉइंट पुरा तुटला असता तं गिझरच्या नळाले हात लावणारा सुटला नसता."

मामंजींनी ती तार खूप वेळ हातात धरली. मग म्हणाले, "व्याह्यानं सांगतलं असतं तं मी त्याच दिवशी फरश्या फोडल्या असत्या. फरश्या काय, परत बसवता येते." पहिली फरशी त्यांनी स्वतः फोडली. हिरवी तार आता चारही सॉकेटला गेली आहे. फ्रिजच्या मागचा मी स्वतः टेस्टर लावून पाहिला. हरिदासभाऊंनी पाटीवर एक नवीन खटकाही बसवला, अंगातून बारीक करंट गेला तरी पडतो तो.

आणखी एक तुम्हाला माहीत असावं. सासूबाईंना तीन महिन्यांपासून झिणझिण्या येत होत्या. माझ्याही आधीपासून. त्या मशीनचं बटन लाटण्यानं दाबायच्या. मी विचारलं, "आई, बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "तुह्या बाबानं प्रेमानं केलेलं काम. तुले कसं म्हणू बाई, का तुह्या बापाच्या फिटिंगमधी करंट येते?" तुम्ही स्वतःच्या मानापायी गप्प, त्याही तुमच्याच मानापायी गप्प, आणि मध्ये आचल ओल्या पायांनी फिरत होती.

आता आईचं.

तुमचं पत्र मी बाथरूमचं दार लावून वाचलं. दिवे बंद होते, खिडकीपाशी उभं राहून वाचलं. दोनदा वाचलं.

बाबा, दोन वर्षं मी तुमच्यावर रागावले होते, ते तुम्हाला माहीत आहे. मी आईवरही रागावले होते, ते कोणालाच माहीत नाही. मला वाटायचं, जाताना तिला माझी आठवण झाली नाही. मला सांगू नका म्हणाली म्हणजे मी तिला नकोच होते. आचल झाली तेव्हा सगळे म्हणाले, नाक अगदी आजीचं आहे. मी म्हटलं, नाही, आदेशच्या घरच्यांसारखं आहे. तिच्या श्राद्धाला मी पान वाढलं नाही, डोकं दुखतं म्हणून झोपून राहिले. आचलला तिचा फोटो दाखवला नाही.

ती मला बोलावत होती. आणि मी तिच्यावर रुसून बसले होते. हे तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत. फरशी फोडून हे काढता येत नाही.

माफ केलं, असं मी लिहिणार नाही. ते खरं होणार नाही, आणि खोटं आता पुरे.

पण अठरा दिवस आईजवळ तुम्ही एकटेच होतात. ती काय खात होती, काय बोलत होती, अकराव्या दिवसानंतर माझं नाव पुन्हा घेतलं का, तिला माझ्याशी काय बोलायचं होतं असं तुम्हाला वाटतं, हे सांगणारं दुसरं कोणी नाही. आत्यालाही माहीत नसेल.

सोमवारी सकाळच्या एसटीनं कारंज्याला येते. आचलला सासूबाईंकडे ठेवते. मला पहिल्या दिवसापासून सांगा, एकेक दिवस, चांगलं-वाईट काही न गाळता. मधेच तब्येतीचं, कपाशीचं काढू नका. अठरावा दिवस संपेपर्यंत मी तुमच्या खाटेपासून उठणार नाही. आणि तुम्हाला तर उठताच येत नाही.

वर्षाली